मुखत्यार

इलाहीभाई कामदारांबरोबर चहा पिताना मला दिसले, तेव्हा मी कोर्टामागच्या झेरॉक्सच्या दुकानासमोर उभी होते. कामदार म्हणजे आमच्या विरुद्ध पक्षाचे वकील. ते मुंबईहून फक्त तारखेपुरते सांगलीला यायचे, आणि त्या दिवशी तर आमची तारीखही नव्हती. तरी ते पत्र्याच्या कँटीनमध्ये बाकावर बसले होते, आणि त्यांच्यासमोर माझा पक्षकार बशीत चहा ओतत होता.

मी सरळ तिकडे गेले.

"इलाहीभाई?"

ते दचकले. चहा थोडा सांडला. कामदार मात्र शांतपणे उठून उभे राहिले.

"या मॅडम, चहा घेणार?"

"माझ्या पक्षकाराशी माझ्या माघारी बोलणं बरं दिसत नाही, सर."

"केसचं कुठं बोलतोय? आमच्या मिसेसना सतार शिकायचीय. मिरजेचे सतारमेकर समोर आहेत म्हटल्यावर विचारलं."

"व्हय व्हय," इलाहीभाई माझ्याकडे न बघता म्हणाले, "सतारीचंच बोलत होतो."

मला ते पटलं नाही. पुढच्या आठवड्यात माझ्या दुसऱ्या पक्षकाराची, जिनदत्त सरांची, उलटतपासणी होती. आमची सगळी केस त्या एका साक्षीवर उभी होती.

केस होती रंगूची. नव्वदच्या दशकाच्या शेवटी ज्यांनी गावोगावच्या कॉम्प्युटर क्लासमध्ये फी भरली, त्यांना रंगू आठवत असेल. मी तेव्हा तासगावात शाळेत होते. टायपिंगचा धडा संपवला की क्लासचे सर तास संपेपर्यंत 'रंगूची बारव' खेळू द्यायचे. परकर-पोलक्यातली रंगू हरवलेली शेळी शोधत एका जुन्या बारवेत, पायऱ्यांच्या विहिरीत, उतरायची. खाली कोनाड्यांतून वटवाघळं अंगावर यायची, पाणी हळूहळू वर चढायचं, आणि खोलवरून शेळीचं ओरडणं ऐकू यायचं. आम्ही पोरी एकमेकींच्या खांद्यावरून वाकून बघायचो. सुरुवातीला काळ्या पडद्यावर दोन नावं यायची. जिनदत्त शिरगुप्पे, इलाही सतारमेकर, आणि खाली नुसतं 'मिरज'. आपल्या शेजारच्या गावातल्या माणसांनी हा खेळ केलाय याचा आम्हाला केवढा अभिमान होता.

पुढे वकिली सुरू केल्यावर एक दिवस ती दोन नावं माझ्या टेबलासमोर येऊन बसली.

दोघं शाळेपासूनचे मित्र, एकमेकांना जिन्या आणि इल्या म्हणणारे. जिनदत्त सर पॉलिटेक्निकमध्ये शिकवायचे. खेळाचा प्रोग्रॅम पूर्ण त्यांचा. इलाहीभाईंचा धंदा सतारी बनवायचा, वडिलांपासून चालत आलेला. रंगूचं प्रत्येक पाऊल त्यांनी चौकटीच्या कागदावर रंग भरून काढलं होतं, आणि खेळाची चालही त्यांनीच बांधली होती. सरांच्या माडीवरच्या खोलीत एकाच कॉम्प्युटरपुढे दोघांनी तो खेळ केला. विकायला म्हणून तो मुंबईच्या एका कंपनीकडे दिला. खेळ चालला, मागोमाग त्याचे आणखी दोन भाग आले. मग ती कंपनी बुडाली आणि तिचं होतं नव्हतं ते 'मेरूतारा' नावाच्या दुसऱ्या कंपनीनं उचललं. मेरूतारानं रंगूला मोबाइलवर आणलं, तिच्यावर कार्टून मालिका काढायची घोषणा केली, आणि सुरुवातीची दोन नावं काढून टाकली.

दोघांनी त्यांना पत्र लिहिलं. उत्तर आलं की, हे दोघे जुन्या कंपनीचे मजुरीवरचे कामगार होते, रंगूची कल्पना आणि प्रोग्रॅम कंपनीचाच.

"मजुरीवरचे," सर माझ्याकडे पहिल्यांदा आले तेव्हा एवढं एकच म्हणाले. दावा लागला तो त्या शब्दावर.

सरांना कॉलेजमुळे दर तारखेला येणं जमायचं नाही. म्हणून त्यांनी इलाहीभाईंना मुखत्यारपत्र करून दिलं. मसुदा वाचून दाखवताना मी विचारलं होतं, "सर, दावा मिटवण्याचा, काढून घेण्याचासुद्धा अधिकार द्यायचाय का? हे कलम गाळलं तरी चालतं."

सर हसले होते. "पोरी, ह्याच्याकडं माझ्या घराची किल्ली असते. लिही सगळं."

उलटतपासणीची तयारी आम्ही मिरजेला सरांच्या घरी करायचो. सर तेव्हा नुकतेच निवृत्त झाले होते. गोष्ट सांगायला लागले की ऐकत राहावं असं बोलायचे. पाणी चढतं तेव्हा खेळणाऱ्याच्या छातीत धडधड व्हावी म्हणून त्यांनी काय युक्ती केली, शेळीचा आवाज काढायला दोघे कुणाच्या गोठ्यात टेप घेऊन बसले, आणि शेळी ऐन वेळी कशी गप्प राहिली. पद्माकाकू, सरांच्या पत्नी, आतून पोहे घेऊन यायच्या आणि म्हणायच्या, "शेवटी आवाज ह्यांनी स्वतःच काढला, ते सांगा की."

पण मी मुद्द्याचं विचारायला गेले की इलाहीभाई मध्ये पडायचे.

"सर, पहिला भाग कधी पुरा झाला?"

"त्या साली... थांब हां. आमचं हे होतं तेव्हा..."

"अठ्ठ्याण्णव," इलाहीभाई सांगून मोकळे व्हायचे. "दिवाळीच्या आधी."

"इलाहीभाई, त्यांना बोलू द्या. कोर्टात तुम्ही शेजारी नसणार."

"बरोबर हाय, बरोबर हाय. चुकलं माझं."

आणि पुढच्या प्रश्नाला पुन्हा तेच. सरांना त्याचं काही वाटायचं नाही. "ह्याची सवयच हाय. शाळेतसुद्धा मास्तर मला विचारायचे आणि उत्तर हा द्यायचा," असं म्हणून ते चहाचा कप उचलायचे.

एकदा त्यांनी मला ज्योती म्हणून हाक मारली. माझं नाव शलाका. "कॉलेजातली पोरगी होती एक ज्योती, अगदी तुमच्यासारखीच दिसायची," इलाहीभाई घाईघाईनं म्हणाले आणि मोठ्यानं हसले. सरही हसले. मीही हसले. मास्तर माणसं जुन्या विद्यार्थ्यांची नावं घेतातच.

मला राग यायचा तो इलाहीभाईंचाच. सरांना ते एक वाक्य पुरं करू देत नव्हते. आणि आता हे कामदारांबरोबर चहा पिणं. त्या आठवड्यात मी दोनदा फोन करून त्यांना विचारलं, "काही सांगायचंय का तुम्हाला मला?" दोन्ही वेळा ते म्हणाले, "न्हाई हो वकीलबाई. तसलं काय न्हाई."

साक्षीच्या दिवशी ते एकटेच आले. पांढरा शर्ट, दाढी केलेली, डोळे लाल.

"सर?"

"वहिनी आणत्यात. जरा उशीर होईल म्हणाल्या."

"उशीर? आपला पहिलाच नंबर आहे!"

त्यांनी मला व्हरांड्याच्या टोकाला नेलं. तिथे एक मोडकं कपाट होतं, त्याच्या आडोशाला उभं राहून ते म्हणाले, "वकीलबाई, केस काढून घ्यायची."

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं.

"काय?"

"दावा काढून घ्यायचा. आत्ताच. जिन्या यायच्या आत."

"का?"

"कारण विचारू नका."

"असं कसं? इलाहीभाई, आपण जिंकतोय. सर एकदा बोलले की संपलं. कामदारांकडं त्यांच्यासमोर उभा करायला एक साक्षीदार नाही. तुम्हाला कळतंय का तुम्ही काय म्हणताय?"

"कळतंय."

"कामदार तुम्हाला काय म्हणाले त्या दिवशी? काय देऊ केलं?"

त्यांनी खाली बघितलं. न दिलेलं ते उत्तर मी माझ्या परीनं समजून घेतलं.

"मी सही करणार नाही," मी म्हणाले. "सरांना विचारल्याशिवाय तर नाहीच नाही."

"तुमची सही नसली तरी चालतं असं कामदारसाहेब म्हणाले. मी वादी हाय, आणि जिन्याचा मुखत्यारबी मीच हाय. तुम्हीच कागद केलाय, वकीलबाई."

त्यांनी ते दुखवायला म्हटलं नव्हतं, इतकं आता मला कळतं. तेव्हा मात्र तोंडात मारल्यासारखं झालं.

कोर्टात पुकारा झाला. दावा काढून घेत असल्याची पुरसीस कामदारांनी टाइप करूनच आणली होती. इलाहीभाईंनी तिच्यावर दोन ठिकाणी सही केली, एकदा स्वतःसाठी आणि एकदा सरांसाठी. न्यायाधीश बाईंनी कागद दोनदा वाचला. आमच्या केसबद्दल त्यांना आस्था होती. कदाचित त्यांनीही कुठल्यातरी क्लासमध्ये रंगूला बारवेत उतरवलं असेल.

"सतारमेकर, यात लिहिलंय की तुम्ही दोघं यापुढे या खेळावर आणि रंगू या पात्रावर कधीही हक्क सांगणार नाही. वाचलंय का तुम्ही?"

"व्हय मॅडम."

"तुमच्यावर कुणाचा दबाव आहे?"

"न्हाई मॅडम."

"शिरगुप्पेंची संमती?"

"त्यांचा मुखत्यार मी हाय."

न्यायाधीश बाईंनी माझ्याकडे बघितलं. मी उभी राहिले आणि म्हणाले की मला या निर्णयाची आधी कल्पना नव्हती. मुखत्यारपत्रात सगळं स्पष्ट लिहिलेलं होतं. त्यांनी थोडा वेळ वाट पाहिली, मग पेन उचललं.

आम्ही बाहेर आलो तेव्हा सर जिना चढत होते. त्यांनी गॅदरिंगला घालतात तसला कोट घातला होता आणि केस पाण्यानं बसवले होते. पद्माकाकू एक पाऊल मागे, हात त्यांच्या पाठीजवळ धरून.

"झाला का पुकारा?" सर मला म्हणाले. चेहरा उत्साहानं फुललेला. "कुठं उभं राहायचं सांग. सगळं पाठ हाय बघ मला."

मी इलाहीभाईंकडे पाहिलं. ते पुढे झाले.

"जिन्या, केस संपली."

"संपली म्हणजे? जिंकलो?"

"न्हाई. मी काढून घेतली."

सरांना ते समजायला वेळ लागला. त्यांनी माझ्याकडे बघितलं, मग पुन्हा इलाहीभाईंकडे.

"माझ्या सहीशिवाय?"

"तुझ्या वतीनं मी केली."

"का?"

कामदार फाइल काखेत मारून आमच्या बाजूनं निघून गेले. सरांची नजर त्यांच्या पाठीमागे गेली आणि परत आली.

"किती घेतलेस?"

मला ठाऊक होतं की पुरसिशीत एका पैशाचा उल्लेख नव्हता. मी तोंड उघडणार, एवढ्यात इलाहीभाई म्हणाले, "घेतले की. पुरेसे घेतले."

पद्माकाकूंनी पदर तोंडाला लावला.

सर ओरडतील असं मला वाटलं. ते ओरडले नाहीत. त्यांनी कोटाचं वरचं बटण काढलं, पुन्हा लावलं, पुन्हा काढलं. मग अगदी हळू म्हणाले, "इल्या, पहिलीपासनं एका बाकावर बसलो आपण. मागितलं असतंस तर मी नुसतंच दिलं असतं रे तुला." आणि थोडं थांबून, "आजपासनं माझ्या घराची पायरी चढायची न्हाई."

ते वळले आणि कठड्याला धरून जिना उतरू लागले. इलाहीभाई दोन पायऱ्या त्यांच्यामागे गेले, मग थांबले. मी त्यांना जे बोलले ते इथे लिहीत नाही. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सर माझ्या ऑफिसात आले. एकटे. मिरजेहून बस करून. अंगात तोच कोट.

"पोरी, वरच्या कोर्टात जायचं," ते आत येता येताच म्हणाले. "सोडायचं न्हाई."

"नाही सोडायचं, सर," मी म्हणाले. मला बरं वाटलं. रात्रभर माझ्याही डोक्यात तेच चाललं होतं. मी पॅड पुढे ओढलं. "मुखत्यारपत्राचा गैरवापर झाला, आपला विश्वासघात झाला, असं म्हणता येईल. तुम्ही मला पहिल्यापासून सांगा."

त्यांनी सांगितलं. स्वच्छ, मुद्देसूद. माडीवरची खोली, कॉम्प्युटर, शेळीचा आवाज. मी भराभर लिहीत होते. मध्येच त्यांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं आणि उठले.

"अकराला पुकारतील न्हवं? चल, उशीर होईल."

"कुठं, सर?"

"कोर्टात. साक्ष हाय माझी आज."

मी पेन खाली ठेवलं.

"सर, ती कालची तारीख होती."

"काल?"

त्यांचा चेहरा मी त्याआधी तसा कधी पाहिला नव्हता. अंधारात पायाखाली पायरी असेल म्हणून पाऊल टाकावं आणि तिथे काही नसावं, तसे ते माझ्याकडे बघत होते. मग त्यांनी स्वतःला सावरलं, हसण्याचा प्रयत्न केला.

"व्हय की. काल. माहीत हाय मला." ते पुन्हा खुर्चीत बसले. कोटाच्या बाह्या नीट केल्या. "इल्या कुठाय? तो आला की निघू."

माझ्यासमोर पॅडवर त्यांनीच सांगितलेलं, त्यांच्या मित्राच्या विश्वासघाताचं अर्धं पान लिहिलेलं होतं.

जिन्यावर पावलं वाजली आणि पद्माकाकू आत आल्या, धापा टाकत. "इथं हायत व्हय! मी आंघोळीला गेले तेवढ्यात..." त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि त्यांना कळलं की मला कळलंय. त्या सरांच्या कपाळावरचा घाम पदरानं पुसायला लागल्या.

सर त्यांचा हात बाजूला करून खिडकीशी गेले. खाली रस्त्याच्या पलीकडे रिक्षा उभी होती. रिक्षाला टेकून इलाहीभाई उभे होते. वर आले नव्हते.

सरांची मान ताठ झाली.

"हा कशाला आलाय?" ते म्हणाले. "विकलं त्यानं. विकून आलाय तो."

"कोण, सर?" मी विचारलं.

"हाच की." त्यांना नाव सापडत नव्हतं. बोट मात्र नेमकं त्यांच्यावर रोखलेलं होतं. "हाच."

पद्माकाकूंनी त्यांना खुर्चीत बसवलं, आणि मी खाली गेले.

"सापडला न्हवं? बरा हाय न्हवं?" इलाहीभाईंनी आधी तेच विचारलं. मी हो म्हणाले.

"कधीपासून?" मी विचारलं.

"वर्ष होऊन गेलं. मिरजेतल्याच डॉक्टरांकडं नेलं होतं, माझं बी.पी. दाखवायचं हाय म्हणून. त्यांनी बोलता बोलता त्यालाच तपासलं. आता वाढत जाणार म्हणाले. गोळ्या वहिनी ताकदीच्या म्हणून देत्यात."

"सरांना माहीत नाही?"

"न्हाई. आणि कळूबी द्यायचं न्हाई." ते रस्त्याकडे बघत बोलत होते. "त्याच्या वडिलांना हेच झालं होतं. शेवटी शेवटी चौकात उभं राहून ते पोराला चोर म्हणायचे. जिन्या त्यांना धरून घरी आणायचा आणि लोकं हसायची. ते गेले त्या दिवशी स्मशानातनं परत येताना मला म्हणाला, इल्या, माझं असं झालं तर मला कळू देऊ नको. कळलं त्या दिवशी मी कृष्णेला जाईन. आणि जिन्या बोलला की करतो. लहानपणापासनं तसाच हाय."

"पण कामदारांना हे..."

"कुणीतरी कॉलेजातलं बोललं असणार. त्या दिवशी मला बोलावून म्हणाले, उलटतपासणीत पहिला प्रश्न हाच असेल, औषध कसलं घेता? नंतर म्हणे कोर्टात अर्ज द्यायचा, साक्षीदाराच्या डोक्याची सरकारी डॉक्टराकडनं तपासणी करा म्हणून. सगळ्यांच्या समोर. मी पाया पडलो त्यांच्या, तेवढं नका करू म्हणालो. ते म्हणाले, मग साक्षच होऊ देऊ नका. दावा काढून घ्या, आम्ही काही विचारणार न्हाई, कुठं बोलणार न्हाई."

"मला सांगायचं होतंत, इलाहीभाई. मी काहीतरी केलं असतं. बंद दाराआड साक्ष मागितली असती, तारीख वाढवून घेतली असती."

"तारखेनं काय झालं असतं? जिन्या रोज थोडा थोडा चाललाय." त्यांनी पहिल्यांदा माझ्याकडे बघितलं. "आणि तुम्हाला खोटं बोलता येत न्हाई, वकीलबाई. तुमच्या तोंडावर दिसतं. त्यानं विचारलं असतं, केस का सोडली? तुम्ही काय सांगितलं असतं?"

मी वर खिडकीकडे बघितलं.

"मग मीच सांगितलं. मी विकली. हे कारण त्याला पटलं की न्हाई?"

"पण सर तुम्हाला आयुष्यभर..."

"असू दे. चिडू दे. चिडलेला असला तर निदान नदीकडं तरी जाणार न्हाई." मग ते थोडं हसले. "आणि आता काय काय विसरायलाय तो. हेबी विसरंल की. थोडे दिवस जाऊ देत."

वरून पद्माकाकू सरांना घेऊन उतरताना दिसल्या. इलाहीभाई पटकन रिक्षाच्या मागे झाले. रिक्षावाल्याला हळूच म्हणाले, "सावकाश ने रे. खड्ड्यात आपटू नको." आणि सर बसून रिक्षा निघून गेल्यावर ते एकटेच बस स्टँडच्या दिशेनं चालायला लागले.

अपील केलं नाही. सर आणखी काही वेळा विचारायला आले, दर वेळी पद्माकाकू बरोबर. मी सांगायची, कागद तयार होतायत. मग ते यायचे थांबले. मेरूताराची कार्टून मालिका सुरू झाली, मोबाइलवर रंगू लाखो पोरांनी उतरवून घेतली. बारवेच्या जागी आता राजवाडा होता आणि शेळीच्या जागी बोलणारा पोपट. सुरुवातीला नावांची भलीमोठी यादी यायची. मी एकदाच ती शेवटपर्यंत पाहिली.

काही वर्षांनी एका कामासाठी मिरजेला गेले होते, तेव्हा सरांच्या घरी डोकावले. पद्माकाकूंनी दार उघडलं. खूप थकल्या होत्या.

"या. ह्यांची दाढी चाललीय."

"न्हावी येतो का घरी?"

"न्हाई. इलाहीभाई करत्यात."

मी उंबऱ्यातच थांबले. "सरांनी येऊ दिलं त्यांना?"

"ओळखत न्हाईत," काकू म्हणाल्या. "मलाबी न्हाई. कुणालाच न्हाई."

सर मागच्या अंगणात उन्हात खुर्चीवर बसले होते. गळ्याभोवती टॉवेल, गालावर साबणाचा फेस. किती बारीक झाले होते. इलाहीभाई समोर स्टुलावर बसून वस्तरा पुसत होते. मला बघून त्यांनी नुसती मान हलवली.

"या बाई, बसा," सर मला म्हणाले, पाहुण्यांना म्हणतात तसं. मी जोत्यावर बसले. वस्तरा गालावरून फिरत होता.

"एक मित्र होता माझा," सर एकदम म्हणाले.

"हो?" मी म्हणाले.

"लई जवळचा. त्यानं विकलं."

"काय विकलं, सर?"

ते विचार करू लागले. कपाळाला आठ्या पडल्या. डोळे अंगणभर फिरले, भिंतीवरून, तुळशीवरून, माझ्या चेहऱ्यावरून. काय विकलं ते कुठेच सापडेना.

"सगळं," ते शेवटी म्हणाले. "सगळं विकलं त्यानं."

"लई वाईट माणूस," इलाहीभाई म्हणाले.

"तुला माहीत हाय तो?"

"बघितलाय."

सरांनी हात पुढे केला आणि इलाहीभाईंचं मनगट धरलं. वस्तरा हवेतच थांबला.

"तू बरा हायस," सर म्हणाले. "तू रोज येतोस. तो एकदासुद्धा आला न्हाई."

"न्हाई येणार तो," इलाहीभाई म्हणाले. "कुठल्या तोंडानं येईल?"

सरांना ते पटलं. त्यांनी मनगट सोडलं. इलाहीभाईंनी वस्तरा पाण्यात बुडवून झटकला आणि डाव्या हातानं सरांची हनुवटी अलगद वर केली.

"आता मान हलवू नकोस," ते म्हणाले. सरांनी डोळे मिटून घेतले.